भुंगेऱ्याला दोषी ठरवण्यापूर्वी : सिएरा नेव्हाडाच्या मृत अरण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
२०१० ते २०१७ या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे १२ कोटी ९० लाख झाडे मेली. हा आकडा अमेरिकी वनसेवेच्या हवाई पाहणीतून निघाला. त्यांतील बहुसंख्य झाडे सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेतील होती. हिरवे डोंगर आधी तांबूस दिसू लागले, मग राखाडी झाले. मारेकरी म्हणून नाव पुढे आले ते तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याचे. पुढे २०२० साली त्याच डोंगरांत प्रचंड वणवा पेटला, तेव्हा ‘दुष्काळ, कीड आणि आग’ अशी तीन शब्दांची कारणमीमांसा रूढ झाली.

२/
ही मीमांसा खोटी नाही, पण ती फार उशिरा सुरू होते. या अरण्याचे मरण २०१२ च्या अवर्षणात उघड झाले. त्याची तयारी मात्र १८५० चा एक कायदा, १९१० ची एक आग, १९२० च्या दशकातील एक वाद आणि १९३५ चा एक सरकारी आदेश यांनी केली होती. भुंगेरा या घटनाक्रमात सर्वांत शेवटी आलेला आहे. सगळा दोष त्याच्या माथी मारला, की त्याच्या आधी येऊन गेलेली माणसे आपोआप निर्दोष सुटतात. या लेखमालिकेचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

३/
आधी त्या किड्याची ओळख. पाँडेरोसा पाइन वृक्षांवर जगणाऱ्या या भुंगेऱ्याला ‘वेस्टर्न पाइन बीटल’ म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘डेंड्रोक्टोनस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वृक्षहंता’. मादी साल पोखरून आत शिरते आणि विशिष्ट गंधद्रव्ये सोडते. त्या गंधाने शेकडो भुंगेरे त्याच झाडावर तुटून पडतात. सालीखालच्या ज्या थरातून झाडाचे अन्न वाहते, त्या थरात ते बोगदे कोरतात, अंडी घालतात आणि सोबत आणलेली बुरशीही पसरवतात. अन्नाची वाट तुटली, की झाड उभ्या उभ्या मरते.

४/
परंतु निरोगी पाइन वृक्ष निःशस्त्र नसतो. साल भोकसली गेली, की जखमेतून राळ उसळते आणि भुंगेरा तिच्यात गुदमरतो किंवा बाहेर फेकला जातो. हा झाडाचा तट आहे. राळ तयार करण्यासाठी मात्र पाणी आणि साठवलेले अन्न लागते. अवर्षणात पाणी वाचवण्यासाठी झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते, त्यामुळे अन्ननिर्मिती मंदावते आणि राळेचा ओघ आटतो. तट ढासळलेल्या किल्ल्यावर थोड्या शिबंदीनेही चाल करता यावी, तशी ही अवस्था असते.

५/
२०१२ ते २०१६ या वर्षांत कॅलिफोर्नियात असेच भीषण अवर्षण होते. त्यात उष्णतेची भर पडली. ऊब वाढली, की भुंगेऱ्याच्या पिढ्या लवकर तयार होतात आणि हिवाळ्यात मरणाऱ्या अळ्यांची संख्या घटते. या अवर्षणातील भुंगेऱ्यांमुळे झालेली वृक्षहानी तापमानवाढीमुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, असा एका प्रतिमान-अभ्यासाचा निष्कर्ष आहे. हवामानबदलाचा वाटा त्यामुळे निर्विवाद आहे. तरीही एक प्रश्न उरतो. सिएराच्या वृक्षांनी याआधीही दीर्घ दुष्काळ सोसले होते. मग याच वेळी एवढा संहार का व्हावा?

६/
उत्तराचा एक धागा सरकारी दप्तरात सापडतो. १९११ साली वनसेवेने सिएरातील वृक्षांची मोजणी केली होती. शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०११ च्या मोजणीशी संशोधकांनी तिची तुलना केली. दक्षिण सिएरातील त्या क्षेत्रांत झाडांची दाटी सरासरी सहा ते सात पट वाढली होती आणि झाडाचा सरासरी आकार निम्म्यावर आला होता. जिथे पूर्वी एक विशाल वृक्ष ऐसपैस उभा असे, तिथे आता कृश झाडांची गर्दी होती. पाऊस तेवढाच किंवा त्याहून कमी, आणि त्यावर हक्क सांगणारी मुळे मात्र कितीतरी जास्त. दुष्काळ येण्यापूर्वीच ते अरण्य तहानलेले होते.

७/
ही दाटी आली कोठून? जुन्या वृक्षांच्या खोडांत याचे उत्तर कोरलेले आहे. सौम्य आग झाडाच्या बुंध्याला चाटून गेली, की तिचा व्रण वाढवलयांत कायमचा राहतो. असे व्रण मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी सिएराच्या पाइन आणि मिश्र सूचिपर्णी वनांत साधारण ५ ते २० वर्षांच्या अंतराने आग फिरत असे. ती जमिनीलगतची आग होती. पालापाचोळा आणि कोवळी रोपे जळत, जाड सालीचे मोठे वृक्ष तगून राहत. अरण्याची विरळणी अशी आपोआप होत राही.

८/
‘आपोआप’ हा शब्द मात्र अर्धसत्य आहे. काही आगी विजेमुळे लागत, आणि अनेक आगी माणसे जाणीवपूर्वक लावत. मोनो, मिवोक, योकुट्स या मूलनिवासी समाजांसाठी आग हे शेतकऱ्याच्या कोयत्याविळ्यासारखे रोजचे साधन होते. टोपल्या विणण्यासाठी लागणारे सरळ, लवचिक कोंब जाळलेल्या झुडपांनाच फुटत. ओकच्या झाडांखाली जमीन स्वच्छ राहिली, की त्यांच्या आहारातील मुख्य फळ वेचणे सोपे जाई. हरणांना कोवळा चारा मिळे. कोणत्या ऋतूत, कोणत्या उतारावर, किती ओल असताना जाळ लावायचा, हे ज्ञान पिढ्यानुपिढ्या चालत आले होते.

९/
१८४८ मध्ये सोने सापडले आणि हे जग कोसळले. १८५० मध्ये नव्या कॅलिफोर्निया राज्याने मूलनिवासींच्या ‘शासन आणि संरक्षणा’साठी एक कायदा केला. संरक्षण हे त्यात फक्त नावाला होते, कारण त्याच कायद्याने मूलनिवासींना सक्तीच्या मजुरीत जुंपण्याची वाट मोकळी केली. त्यातच गवताळ रानाला आग लावणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती. १८५१ मध्ये ‘मॅरिपोसा बटालियन’ ही सशस्त्र तुकडी योसेमिटी खोऱ्यात शिरली आणि तेथील लोकांना हुसकावू लागली. रोगराई, हत्या आणि विस्थापन यांनी आग जाणणारी माणसेच डोंगरांतून नाहीशी होत गेली. आगीचे व्रणही त्यानंतर विरळ होत जातात.

१०/
यापुढील प्रकरणात भारताचा एक धागा आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो. तरुणपणी युरोपात वनशास्त्र शिकायला गेलेल्या पिंशोंना मार्गदर्शन केले ते डिट्रिख ब्रँडिस यांनी. हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ पासून ब्रिटिश भारताचे पहिले वनमहानिरीक्षक होते. त्यांच्याच काळात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात आग पूर्णपणे रोखण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी म्हणून गाजला. राखीव वन आणि वणव्यापासून त्याचे रक्षण ही वसाहतकालीन वनव्यवस्थेची ओळख बनली.

११/
याच व्यवस्थेच्या आतून लवकरच शंकाही निघाली. १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातील अति अग्निरक्षणावर टीका करणारा लेख लिहिला. आग पूर्ण बंद केल्याने सागाची नैसर्गिक वाढच खुंटते, असा त्या टीकेचा रोख होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातील वनखात्याने सागवनांतील हे धोरण बरेचसे मागे घेतले. म्हणजे अमेरिका आगीविरुद्ध कंबर कसत होती, त्याच सुमारास आशियातील वनाधिकारी त्या धोरणाच्या मर्यादा अनुभवत होते.

१२/
अमेरिकेची दिशा ठरवली ती १९१० च्या ऑगस्टने. २० आणि २१ तारखेच्या दोन दिवसांत आयडाहो आणि माँटाना भागात सुमारे ३० लाख एकर क्षेत्र जळाले आणि सुमारे ८५ माणसे मेली. त्यांतील बहुतेक जण आग विझवायला गेलेले होते. अवघ्या पाच वर्षांच्या वनसेवेवर हा आघात होता. ज्यांनी सहकाऱ्यांचे जळलेले देह पाहिले, त्यांना आग शत्रूच वाटणार. त्यांना मूर्ख ठरवणे हा इतिहासाचा अपमान होईल. पण दुःखातून जन्मलेले धोरण पुराव्यांनाही ऐकेनासे झाले, हेही तितकेच खरे.

१३/
पुरावे मांडणारे लोक होते. कॅलिफोर्नियातील काही जमीनदार, लाकूड व्यावसायिक आणि लेखक ‘हलक्या जाळा’चा आग्रह धरत होते. मूलनिवासींप्रमाणे दर काही वर्षांनी थोडे थोडे जाळा, नाहीतर इंधन साचून एक दिवस सर्वस्व जळेल, असे त्यांचे म्हणणे. वनसेवेतील वरिष्ठांनी याची ‘पाइयूट वनशास्त्र’ म्हणून टवाळी केली. पाइयूट हे एका मूलनिवासी समाजाचे नाव. ‘अडाण्यांचे शास्त्र’ असा त्यामागचा भाव होता. १९२० मध्ये या पद्धतीविरुद्ध लिहिणाऱ्यांत वनसेवेचे प्रमुख विल्यम ग्रीली होते, तसेच पुढे पर्यावरणविचारासाठी विख्यात झालेले आल्डो लिओपोल्डही होते.

१४/
भुंगेरा या वादातही होता. हलका जाळ लावला की कीडही आटोक्यात राहते, असा समर्थकांचा एक दावा होता. कीटकशास्त्रज्ञांनी तो खोडला. सौम्य आगीने सालीखालचा भुंगेरा मरत नाही, उलट होरपळलेले झाड त्याला आकर्षित करते, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यापुरते ते बरोबर होते. पण प्रश्न आगीत किती किडे मरतात एवढाच नव्हता. आग फिरली नाही तर शंभर वर्षांनी झाडे किती दाट होतील आणि किती तहानलेली असतील, हा खरा प्रश्न होता. तो त्या वादात ठळकपणे कोणी मांडलाच नाही.

१५/
१९२४ मध्ये शो आणि कोटोक या वनसेवेतील दोघांनी कॅलिफोर्नियाच्या पाइन वनांतील आगीवर सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा कौल हलक्या जाळाच्या विरोधात गेला आणि वाद मिटल्यासारखा झाला. १९३५ मध्ये त्यावर कळस चढला. कोणतीही आग ती दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, असा नियम वनसेवेने केला. तो ‘सकाळी दहाचे धोरण’ म्हणून ओळखला जातो. १९४४ पासून ‘स्मोकी बेअर’ हे टोपी घातलेले अस्वल मुलांना हाच धडा शिकवू लागले. शिस्त, पैसा आणि माणसे यांच्या बळावर धोरण यशस्वी झाले. त्या यशातच पुढच्या हानीचे बीज होते.

१६/
आगीप्रमाणेच भुंगेऱ्याविरुद्धही मोहिमा चालल्या. किडलेली झाडे हेरायची, पाडायची, साल सोलून जाळायची, असे हे काम वर्षानुवर्षे चाले. याच काळात एफ. पी. कीन या कीटकशास्त्रज्ञाने एक मर्माची गोष्ट नोंदवली. भुंगेरा सर्व झाडांवर सारखा हल्ला करत नाही. वय आणि जोम यांवरून कोणते झाड आधी बळी पडेल, याचा अंदाज करता येतो. १९३६ मध्ये त्यांनी पाँडेरोसा वृक्षांची तशी वर्गवारी मांडली. म्हणजे किडा येण्यापूर्वी झाडाची अवस्था काय होती, तिकडे बोट दाखवणारे निरीक्षण तेव्हाच उपलब्ध होते.

१७/
आगीविषयीचे मतही हळूहळू पालटू लागले. १९४३ मध्ये हॅरल्ड वीव्हर यांनी पाँडेरोसा वनांत आग ही आवश्यक प्रक्रिया असल्याचे लिहिले. बर्कलीच्या विद्यापीठात हॅरल्ड बिस्वेल यांनी नियंत्रित जाळाचे प्रयोग केले आणि टीका सोसली. १९६३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी नेमलेल्या समितीने आग परत आणण्याची गरज सांगितली. तिचे अध्यक्ष होते स्टार्कर लिओपोल्ड, म्हणजे १९२० मध्ये ‘पाइयूट वनशास्त्रा’विरुद्ध लिहिणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांचे पुत्र. आल्डो यांचेही विचार नंतर बदलत गेले होते. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने धोरण बदलले. वनसेवेने ‘सकाळी दहा’चा नियम १९७८ मध्ये सोडला.

१८/
कागदावरील धोरण बदलले, तरी डोंगरातील व्यवहार फारसा बदलला नाही. जाळ हाताबाहेर गेला तर जबाबदारी कोणाची, धुराच्या तक्रारींचे काय, जंगलात वसलेल्या घरांचे काय, हे प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्यापुढे होते. लावलेली आग बिघडली तर त्याची नोकरी जाई. न लावलेल्या आगीचा हिशेब मात्र त्याच्या निवृत्तीनंतर कोणीतरी चुकवणार होते. त्यामुळे नियंत्रित जाळ गरजेच्या मानाने तुटपुंजाच राहिला आणि दाटी वाढत गेली. २०१२ चे अवर्षण आले ते अशा अरण्यावर.

१९/
येथे एक सावधगिरी हवी. ‘मेलेले झाड म्हणजे वणवा’ हे समीकरण सरसकट खरे नाही. झाड मरते, तेव्हा सुकलेल्या तांबूस पानांमुळे ते सहज पेट घेते. काही वर्षांत पाने गळतात आणि शेंड्याशेंड्यांतून आग पळण्याची शक्यता घटते. पुढे खोडे कोसळून जमिनीवर जड इंधनाचा थर साचतो. पश्चिम अमेरिकेतील भुंगेरेग्रस्त वनांच्या २०१५ च्या एका अभ्यासात कीड आणि जळालेले क्षेत्र यांचा ठळक संबंध आढळला नाही. कोणते वन, किती दाटी, मरणाला किती वर्षे झाली, यावर उत्तर अवलंबून असते.

२०/
दक्षिण सिएरात मात्र प्रतिकूल गोष्टी एकत्र आल्या. ४ सप्टेंबर २०२० रोजी ‘क्रीक फायर’ पेटली. दुसऱ्याच रात्री धुराने वेढलेल्या मॅमथ पूल जलाशयाच्या काठावरून दोनशेहून अधिक माणसांना लष्करी हेलिकॉप्टरांनी बाहेर काढले. अखेर सुमारे ३ लाख ८० हजार एकर क्षेत्र या आगीच्या तावडीत सापडले. ते बृहन्मुंबईच्या जवळजवळ अडीच पट भरते. नंतरच्या संशोधनात दिसले, की मृत वृक्षांचे प्रमाण आणि झाडांची दाटी या दोहोंमुळे ती एकवटून भडकली. प्रचलित संगणकीय प्रतिमानांना तिचे हे वर्तन आधी सांगता आले नव्हते.

२१/
याचा उलट पुरावाही त्याच पर्वतात आहे. योसेमिटीतील इलिलुएट ओढ्याच्या खोऱ्यात १९७० च्या दशकापासून विजेने लागणाऱ्या बहुतेक आगी देखरेखीखाली जळू दिल्या गेल्या. तेथे आज वन, झुडपे आणि कुरणे यांचे मिश्रण आहे, आणि मातीत ओल अधिक टिकते. अवर्षणाच्या वर्षांत आसपासच्या भागाच्या मानाने तेथे झाडे फार कमी मेली. दुष्काळ तोच होता आणि भुंगेरेही तेच होते. फरक होता तो मधल्या चार दशकांतील मानवी निर्णयांचा.

२२/
यावर दोन आक्षेप निघतात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की अवर्षण इतके तीव्र होते, की विरळ वनांतही झाडे मेली. हे खरे आहे. विरळणी म्हणजे अभयदान नव्हे, तिने मरणाची शक्यता कमी होते, इतकेच. दुसरा आक्षेप असा, की ‘विरळणी’ आणि ‘मृत झाडांची सफाई’ या नावाखाली लाकूडतोडीला मोकळे रान मिळते. हेही खरे आहे. मृत वृक्षांत सुतारपक्षी घरटी करतात, असंख्य जीव त्यांवर जगतात. म्हणूनच आग आणि भुंगेऱ्यानंतर ‘मृत झाड’ हा तिसरा शत्रू ठरवून नवी मोहीम उघडणे, ही जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल.

२३/
गरज आहे ती सौम्य आग परत आणण्याची, आणि तिची जाण असलेल्या माणसांनाही परत आणण्याची. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून नियंत्रित जाळ लावणाऱ्यांवरील खर्चाच्या जबाबदारीचे ओझे हलके केले. त्यात पारंपरिक पद्धतीने जाळ लावणाऱ्या मूलनिवासी जाणकारांचाही समावेश आहे. १८५० मध्ये ज्याला गुन्हा ठरवले, त्याला कायद्याची मान्यता मिळायला १७१ वर्षे लागली. दरम्यान ज्यांची भूमी गेली, भाषा गेल्या, त्यांच्या ज्ञानातील जे उरले आहे त्याची पाठराखण करणे हे त्या अरण्यासाठीही हिताचे आहे.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाने ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्द वाचला, की जरा थांबावे. त्या शब्दामागे पुष्कळदा जुने ठराव, आदेश आणि एखादा मिटवलेला वाद दडलेला असतो. सिएराच्या बाबतीत १९११ ची वृक्षमोजणी, वाढवलयांतील आगीचे व्रण आणि १८५० चा कायदा ही तिन्ही साधने एकत्र वाचल्यावरच भुंगेऱ्याचा खरा वाटा कळतो. अवर्षणे पुढेही येतील आणि भुंगेरेही येतील. त्या वेळी डोंगरावर एकरी किती झाडे उभी असतील, हे आजच्या निर्णयांनी ठरणार आहे.